फॉर्ममधलं एक 'नाही'

नागरिकत्वाच्या मुलाखतीला बारा दिवस उरले होते आणि बाल्तासारला एका जागी बसवत नव्हतं.

प्रश्नांची पुस्तिका त्याला तोंडपाठ होती. आलामोसाच्या मश्रूमच्या शेडमध्ये शेजारच्या रांगेत खुडता खुडता त्याची बायको पेत्रोना विचारायची, "सिनेटर किती?" हातातली सुरी न थांबवता तो सांगायचा, "शंभर." सोळा वर्षं ग्रीन कार्डावर काढलेली, कर वेळेवर भरलेला, कधी सिग्नलसुद्धा तोडलेला नाही. तुला कसली भीती, असं शेडमधले सगळे म्हणत.

त्याला खुपत होता तो प्रश्न पुस्तिकेत नव्हताच, फॉर्ममध्ये होता. थोरली मुलगी येसेनिया हिनं कॉम्प्युटरवर फॉर्म भरताना भराभर वाचत नेलं होतं. "कधी तुरुंगात? नाही. एका वेळी दोन बायका? नाही, आईनं जिवंत ठेवलं नसतं. सैन्यात, पोलिसात, कुठल्या हत्यारबंद गटात? नाहीच ना, पापा?"

बाल्तासार "हं" म्हणाला होता. तिनं 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेली.

त्या 'हं'नं त्याची भूक मारली. कुंपणाचा चांगला धड खांब त्यानं उपटला आणि परत पुरला. गाडी एकाच दिवसात दोनदा धुतली. रविवारी दुपारी पेत्रोना अंगणात शेंगा सोलत बसली होती. ती वैतागून म्हणाली, "अरे, टेक की जरा! तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

तो उभ्यानंच बोलला. "मी गस्तीवर होतो. गावात. सैन्यानं गावकऱ्यांच्या हाती बंदुका दिल्या त्या वर्षी."

"मग? माझा बापही होता. ग्वातेमालात त्या वर्षी आपल्या डोंगरातला कुठला पुरुष नव्हता? नाही म्हणणारे राहिले का जिवंत?"

"मी दोरी धरली होती, पेत्रोना."

तिचे हात थांबले. मग त्यानं सांगितलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. चर्चमध्ये मुलांना धर्मपाठ शिकवणाऱ्या पास्कुआलचे हात बांधून त्याला डोंगरावरच्या लष्करी ठाण्यावर पोचवायचं होतं. गस्तीच्या म्होरक्यानं दोरीचं टोक बाल्तासारच्या हातात दिलं. दोन तासांची चढण. वाटेत पास्कुआल एकदाच बोलला, "हळू चल पोरा, पाय घसरतोय." ठाण्यावर सैनिकांनी दोरी घेतली आणि गस्तीला माघारी हाकललं. पास्कुआल पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याची बायको-मुलं त्याआधीच सरहद्द ओलांडून पळाली होती.

"यातलं एक अक्षर तिथं बोलायचं नाही," पेत्रोना म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली. कोण येतंय विचारायला? आणि तुला परत धाडलं तर मी इथं कुणाच्या तोंडाकडे बघू?"

येसेनियाला कळलं तेव्हा ती चिडली. "पापा, मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

"तू कुठं विचारलंस? तूच सांगून टाकलंस," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं.

तिनंच त्याला चर्चच्या मदत-कार्यालयातल्या वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हमी मी देणार नाही. खरं सांगितलं तर ते पुढे खोदणार, कदाचित ग्रीन कार्डही धोक्यात येईल. पण शपथेवर खोटं बोललात आणि उद्या उघडं पडलं, तर माझेही हात बांधले जातील. आणि तेव्हा तुम्ही पोर होता, जबरदस्तीनं नेलेले. हेही सांगायचंच."

गुरुवारी पहाटे ते डेन्व्हरला निघाले. खिंडीत वारा गाडीला ढकलत होता. शंभर मैल मागे पडले. मग समोर बघतच पेत्रोनानं विचारलं, "त्याला मुलं किती होती?"

"दोन मुली."



मुलाखत घेणारा अधिकारी तरुण होता, त्याच्या टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. बाल्तासारनं हात वर करून शपथ घेतली. सहा प्रश्नांची सहा उत्तरं बरोबर दिली. एक वाक्य वाचलं, एक लिहिलं. मग अधिकारी फॉर्मवरून बोट खाली नेऊ लागला.

"हत्यारबंद गटात कधीच नाही. बरोबर?"

"बरोबर नाही," बाल्तासार म्हणाला. "ते 'नाही' बदलायचं आहे."

मोडक्या इंग्रजीत त्यानं सगळं सांगितलं. 'धर्मपाठ'ला शब्द सापडेना, तेव्हा त्यानं हात जोडून दाखवले. अधिकाऱ्यानं टाइप करणं थांबवलं.

"वय किती होतं तुमचं?"

"पंधरा."

"नकार दिला असता तर?"

"आदल्या आठवड्यात एकानं दिला होता. त्याला आम्हीच पुरलं."

अधिकाऱ्यानं हातात कागद ठेवला. परीक्षा पास, निर्णय राखून ठेवला आहे. बाहेर पेत्रोनानं तो कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे काय? हो का नाही?"

"म्हणजे थांबा."

थांबणं अकरा महिने चाललं. शेडमध्ये त्याच्या हातून मश्रूम चिरडू लागले, मुकादमानं दोनदा ताकीद दिली. रविवारी टपाल येत नाही हे ठाऊक असूनही तो पेटी उघडून बघे. घरासमोर अनोळखी गाडी थांबली की पेत्रोना पडदा ओढून घेई. मधे एकदा परत बोलावणं आलं. या वेळी वकीलबाई सोबत होत्या. आलामोसात राहणाऱ्या त्याच्या गावच्या दोन म्हाताऱ्यांनीही लिहून दिलं, आम्हालाही असंच जुंपलं होतं. त्यांतल्या एकानं हे आपल्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. सही करताना तो हुंदके देऊन रडला.

मार्चमध्ये शपथविधीचं पत्र आलं. येसेनियानं ते मोठ्यानं वाचलं आणि बापाच्या गळ्यात पडली. शाळेच्या जिममध्ये साठ-सत्तर माणसांबरोबर उभं राहून बाल्तासारनं शपथ घेतली. ग्रीन कार्ड दारातच जमा करून घेतलं होतं. फोटोत सगळे हसत होते, फक्त त्याची नजर दुसरीकडेच होती.

त्याला वाटलं होतं, आता जीव शांत होईल. तो झाला नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "पासपोर्ट आला की मी गावाला जाणार."

"इतकी वर्षं सरहद्दीवर अडवतील म्हणून गेला नाहीस."

"आता परत येताना अडवणार नाहीत."

पेत्रोनानं सुस्कारा सोडला. "एकटा जाऊ नकोस. मीपण येते."

पास्कुआलची धाकटी मुलगी गावात परत येऊन राहिली होती. आता तीच आजी झालेली. बाल्तासारनं दारात टोपी काढली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, दोरीसकट. पेत्रोना चुलीकडे बघत राहिली. बाप कुठल्या वाटेनं गेला, हे त्या घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

मग पास्कुआलची मुलगी उठली, तिनं शाल पांघरली आणि दाराबाहेर पडली. "दाखव," ती म्हणाली.

ते डोंगर चढू लागले. अर्ध्या वाटेवर तिनं थांबून विचारलं, "अंगात काय होतं त्यांच्या?"

"काळा लोकरी झगा. उजव्या खांद्यावर उसवलेला."

"तो शिवायचा माझ्याकडूनच राहिला होता," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.