रंग ओला आहे

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानाला वळसा घालून गेलात, तर चुन्याच्या रेषेपलीकडे तुम्हाला एक लांबट हिरवा बाक दिसेल. त्याच्या पायांशी गवत वाढलं आहे आणि पाठीला एक पाटी लटकते आहे. तो बाक म्हणजे मी. जुना आहे, पण अजून डुगडुगत नाही. कुणी बसतच नाही, तर डुगडुगणार कशाने?

माझा जन्म मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमधला. शाळेची मोडीत काढलेली दारं एका सुताराने आणली, त्यांच्या फळ्या रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि मला उभं केलं. मग तो स्वतः माझ्यावर बसला, डावीउजवीकडे डोलून पाहिलं आणि म्हणाला, "बसणाऱ्याला बाक आठवता कामा नये. आठवला, की समजायचं खिळा वर आलाय."

सुताराचं बोलणं मी मनावर घेतलं. पण मैदानावर आलो आणि उलटंच झालं. माझ्यावर बसणाऱ्यांना मला क्षणभरही विसरता आलं नाही. कारण मी राखीव खेळाडूंचा बाक. लहान गटाच्या सामन्यात सात मुलं मैदानात उतरत आणि उरलेली माझ्यावर.

तसा मानही मिळाला मला. चषक जिंकला की चौघं मिळून मला उचलत आणि मैदानाच्या मधोमध नेत. फोटोत पुढे मी, माझ्यावर गोल करणारी मुलं, त्यांच्या मांडीवर चषक. सामनाभर माझ्यावर बसलेली मात्र मागच्या रांगेत, टाचा उंच करून उभी. फोटो झाला की मला परत कडेला आणून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. कधी कधी दोन-दोन दिवस मी मैदानात एकटाच उभा असे.

माझ्यावर बसलेलं मूल कसं असतं, ठाऊक आहे? सुरुवातीला ते अगदी कडेवर बसतं, कधीही उठता येईल असं. शिट्टी वाजली की त्याचा गुडघा हलतो. मध्यंतरानंतर ते थोडं मागे सरकतं. महिन्याभराने पाठ टेकतं. पाठ टेकली की मला धस्स होई, कारण पुढे काय होणार ते मला कळे. एक दिवस ते मूल येतच नसे. त्याला कुणी काढलेलं नसे, कुणी रागावलेलंही नसे. पिकलं पान गळावं तसं ते गळून जाई, आणि हजेरी घेणाऱ्यालाही चार दिवस पत्ता नसे. माझ्यावरची त्याची जागा तेवढी थंड पडे.

मग एका वर्षी कासव आली.

हे नाव मुलींनी ठेवलेलं. मुलींच्या संघातली ती सगळ्यात बुटकी. जन्म वर्षाच्या अगदी शेवटच्या आठवड्यातला, त्यामुळे तिच्या गटातल्या काही मुली तिच्याहून जवळजवळ वर्षाने मोठ्या आणि हातभर उंच. तिची आई एकदा फाटकाशी दुसऱ्या एका आईला म्हणाली होती, "आणखी चार दिवस पोटात राहिली असती ना, तर खालच्या गटात सगळ्यात मोठी ठरली असती. पण घाई नडली बाईसाहेबांना."

उंच मुली कासवला चिडवत. "कासवा, सरक की जरा, बाटली ठेवायचीय."

"ठेव माझ्या डोक्यावर," ती म्हणे. "मी काही हलणार नाहीये. ससा झोपला की उठेन."

मैदान हसे. तीही हसे. मग सगळ्या खेळायला पळत आणि ती माझ्या रंगाचे सुटलेले पापुद्रे नखाने काढत बसे. तिच्याइतकं माझ्याशी कुणीच बोललं नाही. "आता बघ हं, ती डावीकडे देणार," असं पुटपुटे. कधी बरोबर निघे, कधी साफ चूक. मला तिची सवय झाली. तिची पाठ अजून टेकली नव्हती, एवढाच माझा दिलासा.

त्यांचे सर वाईट नव्हते. कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर गुडघ्यावर बसून बांधून देत. पण सामना सुरू झाला की त्यांना फक्त लांब पाय दिसत. सरावातही एक चेंडू, एक लांब रांग. कासव रांगेत शेवटी. तिची पाळी येईपर्यंत सर घड्याळ बघू लागत. "सर, मी?" असं तिने विचारलं की ते म्हणत, "बघतो." हा शब्द मी इतका ऐकला आहे, की माझ्या लाकडात मुरला आहे.

कासवची आई सामना बघायला थांबत नसे. तिच्या कडेवर तान्हा भाऊ असे. ती लेकीला फाटकाशी सोडून जाई आणि सामना संपताना घ्यायला येई. आई येण्याआधी कासव एक काम करी. माझ्या पायाशी वाकून ओली माती घेई, ती गुडघ्यांना आणि मोज्यांना चोळी, थोडी गालालाही लावी.

"खेळलीस?" आई विचारी.

"हो."

"बराच वेळ?"

"दमले."

आणि एकमेकींचा हात धरून दोघी जात. मी मागून बघत राही. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही हे बरं आहे.

पण कपडे धुणाऱ्या आईला फसवणं सोपं नसतं. मोज्यांवर माती आहे, गुडघ्यावर ओरखडा एकही नाही, हे तिने आधी पाहिलं असणार. मग तिला पँटच्या मागच्या बाजूला हिरवे कण दिसले. दर आठवड्याला, त्याच जागी. ते माझे होते. माझ्याच रंगाने चुगली केली.

एका सामन्याला ती लवकर आली आणि फाटकाआड उभी राहिली. लेक माझ्या पायाशी वाकून माती चोळताना तिने पाहिली. ती पुढे आली नाही. सगळ्या मुली पांगल्या, कासव भावाला खेळवायला पाण्याच्या नळाकडे गेली, तेव्हा आई सरांजवळ आली आणि पिशवीतून मागच्या सामन्याची न धुतलेली पँट काढून माझ्यावर पसरली.

"सर, हा रंग ओळखा."

"बाकाचा दिसतोय."

"हो. मैदानाचा डाग शोधतेय मी. सापडत नाही. मोज्यावरची माती ती स्वतः लावते, मला बरं वाटावं म्हणून. पुढच्या आठवड्यापासून तिला नाही पाठवणार. खोटं बोलायला शिकायचं तर घरीच शिकेल."

सर म्हणाले, "ताई, हरलो की पालकच विचारतात हो मला."

"हरल्यावर विचारतात. गळून गेलेल्यांबद्दल कुणी विचारलं?"

यावर सर "बघतो" म्हणाले नाहीत. ती गेल्यावर ते माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रिकाम्या मैदानाकडे बघत बसले आणि नकळत त्यांचं नख माझ्या पापुद्र्यात गेलं.

मग सरांचा निरोप गेला, आणि आईने लेकीला आणखी एकदा पाठवलं. त्या दिवशी लांब रांग नव्हती. सरांनी दप्तरं ठेवून छोटे छोटे गोलपोस्ट मांडले, चार-चार जणींचे गट केले, प्रत्येक गटाला एक चेंडू दिला. उरली कुणीच नाही. कासवने धडपडून गुडघा फोडून घेतला. सामन्यातही पाळ्या लागल्या. थांबणारीने रेषेशी उभं राहायचं, कारण लगेच आत जायचंय. पहिला सामना त्या हरल्या, आणि एक गोल कासवच्याच चुकीने बसला. एक बाबा तावातावाने आले. सर शांतपणे म्हणाले, "दहा वर्षांच्या आहेत हो त्या. सोळाव्या वर्षी कोण उंच होईल, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

तरी सवय वाईट. मुली येता-जाता माझ्यावर टेकत आणि टेकल्या की तिथेच रमत. म्हणून सरांनी मला रंगवलं आणि पाटी लावली: रंग ओला आहे, बसू नका.

आता दिवसभर एखादी साळुंकी येते, तेवढीच सोबत. वाऱ्याने पाटी हलते, तेव्हा वाटतं कुणीतरी आलं. मित्रांनो, तुमच्याही मैदानाच्या कडेला माझा एखादा भाऊ असेल. त्याला पुसा, त्याचे वर आलेले खिळे ठोका. पण शिकायला आलेलं मूल त्याच्यावर बसवून ठेवू नका. बाकाला एकटं राहायची सवय होते. मुलाला होऊ नये.

परवा कासव नाडी बांधायला माझ्याशी थांबली. गुडघ्यावर खपली, मोज्यांवर मैदानाची माती. तिने बोट हळूच माझ्या फळीवर टेकवलं.

"सुकला नाही का रे अजून?" तिने विचारलं.

रंग केव्हाच वाळला होता. मी काही बोललो नाही. शिट्टी वाजली आणि ती पळाली.