चारी बाजूंनी मोकळं घर

लेकीचं, साधनाचं लग्न झालं त्या वर्षी उकंडराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि आपल्या गावी, रिठदला घराचा पाया आखायला उभे राहिले. चुन्याच्या फक्कीची रेघ हद्दीपासून चार हात आत पडली, तशा शेजारच्या घरातून त्यांच्या वहिनी तुळसाबाई पदर खोचून आल्या.

"भाऊजी, सोन्यासारखी जागा कायले सोडून राह्यले? लोकं बोटभर जागेसाठी डोकी फोडतात!"

"तिकडं असंच रायते, वहिनी. चारी बाजूंनी मोकळं."

"मंग तिकडंच राहाचं होतं!"

राहायचंच होतं. तिकडं म्हणजे नदीकाठच्या पोलादाच्या शहरात. आधी कागदावर आखलेलं, मग वसवलेलं शहर. सरळ रस्ते, सेक्टर, एकसारखी पिवळी क्वार्टरं, भोंग्यावर उठणारी माणसं. पण नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागे. सामान बांधताना कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "आपल्या क्वार्टरसारखं घर बांधसान, तरच मी रिठदले येईन." तोवर त्या तिथेच, लेकीकडे राहिल्या.

उकंडरावांनी तसंच बांधलं. खिडक्या त्याच जागी, रंग तोच, कमरेइतकं मेंदीचं कुंपण. ते वाढल्यावरच त्यांनी बायकोला आणलं. कस्तुराबाई ओट्यावरून हात फिरवत घरभर हिंडल्या. मागचं दार उघडलं. तिकडं क्वार्टरमागं नदी दिसायची, इथं तूर उभी होती.

"बराबर बांधलं हो," त्या म्हणाल्या. "पन आता भाजी झाली की आवाज कोनाले देऊ?"

तिकडं एका बाजूला बंगालीण होती, दुसऱ्या बाजूला ओडिया. तिघींना एकमेकींची भाषा जन्मभर धड आली नाही. मोडक्या हिंदीत एकमेकींना 'दीदी' म्हणत कुंपणावरून वाट्या मात्र रोज जायच्या.

कस्तुराबाई दुपारभर कुंपणापाशी उभ्या राहू लागल्या. शेवटी उकंडराव वहिनींकडे गेले.

"वहिनी, कुंपनावरून एखादा आवाज देत जा तिले."

"दारातून येईन नं! चोरावानी कुंपनावरून काहून?"

"तिले तसंच पाह्यजे."

"शहरानं डोकं फिरवलं तुमचं दोघाईचं," तुळसाबाई म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला, "व कस्तुरे! वांगे केले, वाटी धर!"

"रुको दीदी, आ रही!" कस्तुराबाई घरातून ओरडल्या आणि धावत सुटल्या.

"दीदी कोन व? मी तुळसा!"

कस्तुराबाई अर्ध्या अंगणात थबकल्या. मग पुढे होऊन त्यांनी वाटी घेतली. तुळसाबाई केव्हाच आत गेल्या, तरी कस्तुराबाई तिथेच उभ्या होत्या.

पुढच्याच उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, कस्तुराबाई रिठदच्या घरात वारल्या.