नळाचं पाणी फक्त लादी पुसायला

पोरीच्या तोंडाला म्हणून विश्रांती नव्हती, त्यामुळे घरीदारी सगळे तिला रेडिओच म्हणत. तर ही रेडिओ निबंध स्पर्धेत पहिली आली. विषय होता ‘हजार वर्षांनंतरचा एक दिवस’. एरवी तोंडात तीळ न भिजणाऱ्या या पोरीने निबंधात काय लिहिलंय, याचा मात्र आईला पत्ता लागू दिला नव्हता.

बक्षीस समारंभाला आई शेजारणीबरोबर पुढेच बसली. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे आले आणि आईने पटकन मान खाली घातली. पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब! त्यांच्याच प्रयोगशाळेत आई पाणी तपासायची. नव्या पाइपांतून शिसं उतरतंय, हे तिनेच त्यांना सांगितलं होतं.

“पाइप बदलेपर्यंत गप्प बसा, उगाच लोक घाबरतील,” साहेब म्हणाले होते. “आणि तुमच्या खुर्चीत बसायला चार जण तयार आहेत.”

पाइप काही बदलले नाहीत. तीही तोंडाला कुलूप लावून बसली. घरात कमावणारी ती एकटी, करणार काय?

रेडिओ वाचू लागली.

“हजार वर्षांनी घरोघरी नळ असतील, पण त्यांचं पाणी फक्त लादी पुसायला. प्यायचं पाणी आई पहाटे लांबच्या विहिरीवरून स्कूटरवर आणेल. कुणी विचारलं तर सांगायचं, आम्हाला त्याची चव आवडते. शेजारची मुलं खेळता खेळता तहानली, तर आई म्हणेल, जा रे बाळांनो, आपापल्या घरी पाणी पिऊन या.”

सभागृहात हशा पिकला. शेजारीणही हसली आणि हसता हसता थांबली. काय मूर्ख कार्टी आहे, असं आईला वाटलं; मग वाटलं, तिचं काय चुकलं, तिने पाहिलं तेच लिहिलं. साहेब हसत नव्हते. ते समोरच्या रांगांमध्ये कुणाला तरी शोधत होते. आई दिसल्यावर त्यांची नजर तिथेच थांबली.

टाळ्या सरल्यावर साहेबांनी रेडिओच्या पाठीवर हात ठेवला. “काय कल्पनाशक्ती! वाचून घसा सुकला असेल, नाही का बाळ?” त्यांनी शिपायाला बाहेरच्या नळाचं पाणी आणायला सांगितलं आणि पेला स्वतः तिच्या हातात दिला. “घे, सगळ्यांसमोर पी. आपल्या गावासारखं पाणी शोधून सापडायचं नाही.”

बोलत होते रेडिओशी आणि बघत होते आईकडे.

रेडिओनेही आईकडेच पाहिलं. शाळेतसुद्धा ती घरची बाटली न्यायची. एका पेल्याने काय होतंय, आईने मनाची समजूत घातली. एका पेल्याने खरंच काही होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नोकरी राहणार होती, घर चालणार होतं. तिने फक्त जागेवर बसून राहायचं होतं. पण तिला भीती वाटत होती, साहेबांची वाटायची त्याहून कितीतरी मोठी.

पेला ओठांना लागला.

“पिऊ नकोस.”

आई केव्हा उठून उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. रेडिओने पेला खाली ठेवला. साहेबांनी माइक बंद केला. शेजारणीने आईचं मनगट धरलं, तेव्हा तिला वाटलं, धीर द्यायलाच धरलंय.

“तुझ्या पोरीने नाही प्यायचं,” शेजारीण हळू आवाजात म्हणाली. “आणि माझ्या पोरांना तू रोज पाणी प्यायला घरी पाठवतेस.”