एक ब्रश, दोन चेहरे

मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. हसू नका, मित्रांनो. आत्मवृत्त काय फक्त तलवारींनी आणि सिंहासनांनीच सांगायचे? माझी मूठ लाकडी आहे, आणि जिथे अंगठा टेकतो तिथले तिचे पॉलिश उडाले आहे. माझे केस मात्र अजून दाट आहेत. ते कोणत्या जनावराचे, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने माझी मूठ कातली, केसांची जुडी बांधून ती मुठीत घट्ट बसवली. माझ्या डोक्याला गोल आकार देताना त्याने कात्री लावली नाही. एकेक केस खालीवर सरकवून त्याने तो आकार जमवला. कापलेला केस गालाला टोचतो, न कापलेला टोचत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. तेव्हा मला ही फाजील हौस वाटली होती. पुढे याच मऊपणावर एका घराची भिस्त राहील, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

एका वधूपित्याने मला आपल्या जावयासाठी घेतले. "जावईबापू, रोज वापरा हं. जपून ठेवायची वस्तू नाही ही," असे ते म्हणाले. जावईबापू छापखान्यात मशीन चालवत. त्यांच्या नखांतली शाई कधी निघत नसे, म्हणून सारी गल्ली त्यांना 'शाईवाले' म्हणे. त्यांच्या बायकोला गल्ली म्हणे वहिनी, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

ते दिवस काय सांगू! सकाळी कोमट पाण्याचा मग, गोल साबण आणि शाईवाल्यांचे बेसूर गुणगुणणे. मी साबणावर फिरू लागलो की असा फेस उठे, की वहिनी दारातून डोकावून म्हणत, "अहो, आरशालाच दाढी आली बघा!" मग शाईवाले त्यांच्या नाकाला फेसाचा ठिपका लावत. मला कोण अभिमान वाटे! या घराची सकाळ माझ्याशिवाय होत नाही, असे मी खुशाल समजत होतो.

मग एक दिवस छापखान्याला कुलूप लागले. शाईवाल्यांनी कामासाठी उंबरठे झिजवले. कुणी म्हणाले आमच्या मशिनी नव्या आहेत, कुणी म्हणाले तुमचे वय झाले. हळूहळू ते एक दिवसाआड दाढी करू लागले, मग आठवड्याने, मग मुळीच नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला बोलावले तर उठत, पुन्हा पडत. मी फळीवर तुटक्या कंगव्याशेजारी धूळ खात उभा होतो. मित्रांनो, कोरडा पडलेला ब्रश आणि गप्प झालेला माणूस, दोघांकडे घर बघेनासे होते. वहिनी मात्र बघत होत्या, आणि म्हणूनच त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली.

शेवटी वहिनींनी कंबर कसली. घड्याळांच्या एका मोठ्या दुकानात त्यांना काऊंटरवर काम मिळाले, पण ते कच्चे. त्यांच्याबरोबर एका तरुण मुलीलाही घेतले होते. हंगाम संपला की दोघींपैकी एकीलाच कायम ठेवणार होते. तिथे देखरेख करणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावले, "गिऱ्हाईक आधी तुमचा चेहरा बघतं, मग घड्याळ. चेहरा महाग वाटला पाहिजे, पण रंगवलेला वाटता कामा नये."

आता महाग चेहरा आणायचा कुठून? त्या मुलीकडे रंगांची अख्खी पेटी होती. वहिनींकडे साध्या पावडरचा डबा, एक विटकरी लिपस्टिक, काजळाची कांडी आणि एक चपटा स्पंज. पिवळ्या बल्बखाली त्या स्पंजाने पावडर थापून त्या दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या आणि संध्याकाळी रडत परत आल्या. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्याच रंगाची दिसत होती.

"काय हो, गिरणीतून दळण घेऊन थेट इकडेच आलात का?" असे मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. "उद्याही असंच तोंड असेल, तर येऊच नका."

वहिनी नळाखाली तोंड धूत रडत होत्या. तेवढ्यात आतून, भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा आवाज आला.

"जाड थर दिलास तू. शाईचंही तसंच असतं. एकदम ओतली की बरबटते. दोन पातळ थर दे." मग कूस न बदलताच, "स्पंजाने नाही व्हायचं ते. माझा ब्रश घे. मला काय करायचाय आता."

वहिनींचे डोळे पुन्हा भरले. दाढीचा ब्रश देऊन टाकणारा माणूस आणखी काय काय देऊन टाकायला निघाला आहे, हे त्यांना कळले असणार. मला तर नक्की कळले.

त्यांनी मला शांपूने धुतले आणि खिडकीतल्या खिळ्याला उलटे टांगले. वाळायला मला अख्खा दिवस लागला. तो दिवस त्यांनी पावडरशिवाय, मॅडमचा राग सोसत काढला. त्यानंतर माझी नवी नोकरी सुरू झाली. खरे सांगतो, आधी मला लाज वाटली. माझी जात पाण्याची, फेसाची, मर्दानी गालांची! आणि आता पावडर? पण आलिया भोगासी असावे सादर.

वहिनी आता बल्बखाली बसत नसत, खिडकीशी बसत. आधी तोंड धुऊन क्रीम लावायचे आणि ते मुरेपर्यंत पोळ्या लाटायच्या. मग लिपस्टिक बोटाच्या टोकावर घेऊन तीच गालांवर, तीच पापण्यांवर, तीच ओठांवर टिपायची. एकच रंग सगळीकडे असला की चेहरा एका हातचा वाटतो. काजळ डोळ्याच्या कडेला लावून कापसाने पुसट करायचे. आणि शेवटी मी. मला पावडरीत बुडवायचे, मनगटावर झटकायचे, मग चेहऱ्यावरून असे फिरवायचे की मी आलो आणि गेलो हे गालालाही कळू नये. एकदा, मग पुन्हा एकदा, आणि उरलेले मानेवर.

मॅडमनी एक दिवस जवळ येऊन विचारले म्हणे, "कोणत्या कंपनीचं वापरता?" वहिनी घरी येऊन हसून सांगत होत्या. "मी म्हटलं, घरचंच आहे. त्यांना वाटलं, माहेरी मोठी श्रीमंती असेल!" आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नाही. वहिनींचे हसू तिथेच विरले.

हंगाम संपत आला. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः येऊन निवड करणार, असा निरोप आला. आदल्या संध्याकाळी वहिनी भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पाठीला म्हणाल्या, "उद्या ठरणार आहे हो. राहिले तर राहिले. नाहीतर काय करायचं, मला खरंच सुचत नाही." मी खिळ्यावर स्वच्छ, कोरडा, तयार होतो. मला वाटले, उद्या मी माझे सगळे कसब पणाला लावीन.

सकाळी एका हाताने मला खिळ्यावरून काढले. अंगठा नेमका माझ्या पॉलिश उडालेल्या जागी बसला. मी तो ओळखला आणि हरखलो. पण पुढच्याच क्षणी कोमट पाणी माझ्या मुळापर्यंत शिरले.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! एवढे महिने मी याच पाण्याची वाट पाहिली होती, आणि आज ते यायला नको होते. वाढलेली दाढी शाईवाल्यांनी आधीच कात्रीने बारीक केली होती. ते मला साबणावर फिरवत होते. मी फेस धरू नये म्हणून धडपडलो, पण माझा स्वभाव मला सोडेना. फेस उठला, पूर्वीसारखाच दाट, आणि त्यांच्या अर्ध्या गालावर चढला.

तिकडे वहिनींचा हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा. त्या मोरीच्या दाराशी आल्या आणि जागीच थिजल्या.

"तुला दुकानापर्यंत सोडायला यावं म्हटलं," शाईवाले आरशातून म्हणाले. "असा जंगली होऊन आलो असतो तर तुझीच शोभा झाली असती." मग त्यांचे लक्ष वहिनींच्या चेहऱ्याकडे गेले, तिथून माझ्याकडे. हात गळून खाली आला. "अगं... तुझा ब्रश. आजच तुला..." त्यांनी अंगठ्याने माझे पाणी निपटून पाहिले. "माझ्या हातून एक काम धड होत नाही बघ. एक!"

वहिनींचा हात झपकन माझ्या दिशेने आला. मला वाटले, आता त्या मला हिसकावून घेणार, पिळणार, टॉवेलात घासणार. मी तरीही वाळलो नसतोच. पण तो हात माझ्याशेजारून पुढे गेला. बोटाने त्यांनी शाईवाल्यांच्या हनुवटीवर थोडा फेस पसरला.

"इथं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि मला आज ब्रश नकोच होता. कालच मॅडम म्हणाल्या, पावडर जास्त होते म्हणून. आटपा, उशीर होतोय."

असे काही मॅडम म्हणाल्या नव्हत्या. दुकानातली प्रत्येक गोष्ट वहिनी घरी आल्या आल्या सांगतात, आणि मी सारे ऐकतो.

वहिनींनी तोच जुना चपटा स्पंज काढला. पावडर ठिकठिकाणी बसली. त्यांनी पुसली, पुन्हा लावली, पुन्हा पुसली. गाल लाल झाले. शेवटी नुसत्या बोटांनी जमले तेवढे करून त्या उठल्या. दोघे जिना उतरले. आज पावलांचे दोन आवाज होते. मी खिडकीत टपटपत राहिलो. त्या दिवशी उन्हालासुद्धा माझी दया आली नाही. वहिनी परत येईपर्यंत मी मुळाशी ओलाच होतो.

"मालकीणबाईंना तरुण मुलगीच हवी होती," वहिनींनी घरात येताच शाईवाल्यांना सांगितले. "आधीच ठरलं होतं म्हणे. कशानेच काही झालं नसतं."

शाईवाले दुकानाजवळच्या छापखान्यांत विचारून आले होते. कुणी हो म्हटले नव्हते.

नंतर वहिनी फोन घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. दार ओढून घेऊन धाकट्या बहिणीशी हळू आवाजात बोलू लागल्या. "नाही गं, माझंच नाव पुढे होतं. मॅडम म्हणाल्या, रोज किती नीट येता, नेमकं आजच असं डागाळलेलं तोंड घेऊन आलात! मालकीणबाईंनी एकदा बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली... हे ऐक, ह्यांच्यापाशी चुकूनसुद्धा बोलू नकोस. त्यांना कळलं तर ते पुन्हा उठायचे नाहीत." मग त्या तोंडावर पदर दाबून, आवाज न करता, बराच वेळ रडल्या. घरात आता एकही पगार नव्हता. त्यांच्या इतक्या जवळ असूनही मी त्यांच्या गालावरचे पाणी टिपू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाईवाले भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनींनी पाणी कोमट केले. दाढीचा मग भरला. साबण ठेवला. मला खिळ्यावरून काढून मगाशेजारी उभे केले आणि त्या चुलीपाशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या. पोळ्या लाटणेही थांबले. त्या कानांनी वाट बघत होत्या.

पाणी निवायला आले, तेव्हा खाट करकरली.

"तुला हवाय का ब्रश?" शाईवाल्यांनी आतून विचारले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला धूत जा, पिळून उलटा टांगत जा, ओला ठेवू नका. एवढी काळजी घेतलीत तर तो साध्या पावडरीलाही राजेशाही रूप देईल. पण एखाद्या सकाळी, फार दिवसांनी, घरातल्या कोणी तो पाण्यात बुडवलेला दिसला, तर तुमचे कितीही अडलेले असो, तो त्याच्या हातातून ओढून घेऊ नका.