आढ्याचा नारळ

१९८९ साल, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. हे इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल गो, तुझ्या भावाकडं रोह्याला जाऊन येऊ."

लग्न झाल्यापासून यांनी आपणहून कधी माझ्या माहेरचं नाव काढलं नव्हतं. मी भाकरी थापत होते, हात तसाच थांबला. त्या दिवशी रोह्याला काय होतं ते पेणमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जिल्ह्याच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, आणि त्यात आमच्या आळीचं वीर मारुती मंडळ उतरणार होतं.

"भाऊ घरी नसेल," मी म्हटलं. "तोही सामन्यालाच जाईल."

"मग वहिनी असेल. चहा तिलाही येतो."

मी लुगडं बदललं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे यजमान महिपती, आळीत सगळे त्यांना दादा म्हणत. गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करीत. मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही देवो, डोळे यांच्याच हातचे. आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या मैदानात पोरांना कबड्डी शिकवायची. मंडळ यांनीच काढलं, वीस वर्षं यांनीच चालवलं. संघ अंतिम सामन्यापर्यंत अनेकदा गेला, पण शील्ड कधी आली नाही. दरवेळी आघाडी घ्यायची आणि शेवटच्या मिनिटांत घालवायची. आघाडी मिळाली की हे बाहेरून ओरडायचे, "घाई नाय! श्वास राखा!" पोरं श्वास राखायची आणि समोरचे गुण घेऊन जायचे.

आदल्या वर्षी असंच हरून आल्यावर देवळात बैठक झाली. यांचाच चेला हिरामण उठून म्हणाला, "दादा, तुम्ही आम्हाला डोळे आखल्यासारखं खेळायला लावता. चुकलं तर पुसता येणार नाय म्हणून ब्रश टेकवायचाच नाय. जिंकत असलो की आपण घाबरतो."

कुणी त्याला खाली बस म्हणालं नाही. यांनी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, चपला घातल्या आणि घरी आले. त्यानंतर मैदानात पाऊल टाकलं नाही. संघ हिरामणकडं गेला.

आता त्याच संघाचा सामना. हरला तर पोरं हरणार, ती तर यांनीच लहानाची मोठी केलेली. आणि जिंकला तर गावानं काय म्हणायचं ते ठरलेलंच होतं. यातलं यांना नेमकं काय हवंय, ते मला गाडीत बसेपर्यंत कळलं नव्हतं. माझ्या मते त्यांनाही नव्हतं.

स्टेशनवर मुसाभाई शिंपी भेटले. मंडळाची बनियनं पहिल्यापासून तेच शिवत आले.

"काय महिपती, सासुरवाडीची सय आली वाटतं?"

"व्हय. तुझी कुठं, तिथंच हाय काय?"

"माझी सासुरवाडी मुरूडला. पण आज म्हटलं, रोह्याला कुणाच्या तरी सासुरवाडीत जाऊ."

तेवढ्यापुरते हे हसले. मग कासू गेलं, नागोठणं गेलं, नव्या कंपनीच्या चिमण्या मागं पडल्या, यांनी खिडकीतून तोंड आत घेतलं नाही.

भावाच्या घरी आम्ही गेलोच नाही. मैदानाच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या आडोशाला हे उभे राहिले. मी शेजारी. बायका फारशा नव्हत्या, पण त्या दिवशी मला लाजायला सवड नव्हती. चुन्याच्या रेषांपलीकडं हिरामण उकिडवा बसला होता, नखं खात. तसेच हे बसायचे.

सामना पहिल्यापासून घासून चालला. शेवटच्या मिनिटांत आमचे एका गुणानं पुढं होते आणि चढाई गुणाजीची होती. गुणाजी आमचा कप्तान. त्याला एवढंच करायचं होतं, समोरच्यांच्या अंगणातली निदानरेषा ओलांडायची, दम घुमवायचा आणि सुखरूप परत यायचं. दर वेळी हेच करायचो आम्ही.

"थांब," हे पुटपुटले. "थांब रे. परत फीर."

माझं मनगट यांनी कधी धरलं ते कळलं नाही. बांगडी हातात रुतत होती.

गुणाजीनं बाहेर पाहिलं. हिरामण उभा राहिला आणि त्यानं हात पुढं फेकला. जा.

गुणाजी कोपऱ्यावर तुटून पडला. त्याचा हात एकाला लागला, तोच दुसऱ्यानं घोटा पकडला. तो आडवा झाला. अंगावर एक आला, आणखी एक आला. मैदान गप्प झालं, फक्त त्याचं "कबड्डी, कबड्डी" दातांतून येत होतं. मातीत पाचही बोटं रोवून तो सरकत होता. हे माझ्या शेजारी श्वास रोखून उभे होते, जणू तो दम यांच्याच छातीतला होता. बोटांची टोकं मधल्या रेषेला लागली. पंचाची शिट्टी झाली आणि जो गलका उठला त्यात उरलेला खेळ कुणी पाहिला नाही.

रसवाल्याशेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस सोबत्याला म्हणाला, "बघ, म्हातारा गेला नि शील्ड आली."

यांनी माझं मनगट सोडलं. "गाडीची वेळ झाली," म्हणाले.

घरी आलो, जेवणं उरकली. मला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या मारुतीच्या देवळात आढ्याला एक नारळ बांधलेला होता. मंडळ काढलं त्या दिवशी यांनी नवसाचा म्हणून लाल कापडात बांधलेला. कापड मुसाभाईंच्या दुकानातलं. आमच्याकडं रीत अशी, की नवसाचा नारळ ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा आणि देवापुढं फोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि वीस वर्षांचा नारळ आतून काय असेल, ते देवालाच ठाऊक. कुजका निघाला तर गाव काय म्हणेल?

सोमवारी सकाळी हे रोजच्यासारखे कारखान्यात गेले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर रंगतात, त्यांची आखणी चालली होती. ताशा ऐकू आला तशी मीही कारखान्याकडं निघाले.

मी पोचले तेव्हा पोरं दाराशी उभी होती, गुलालात माखलेली. शील्ड गुणाजीच्या खांद्यावर होती, त्याच्या बोटांना फडकी गुंडाळलेली होती. आत हे मूर्तीच्या डाव्या डोळ्याची रेघ ओढत होते. हातात ब्रश असताना यांच्याशी बोलायचं नाही, हे पोरांनाही माहीत होतं. ताशावाल्याला कुणीतरी गप्प केलं. सगळे थांबले. रेघ पुरी झाली. यांनी उजवा डोळा घेतला. मुद्दाम घेतला, मला कळलं.

शेवटी ब्रश खाली ठेवून म्हणाले, "काय?"

"दादा, नारळ सोडायचा हाय," हिरामण म्हणाला.

"तुझी शील्ड. तूच सोड."

"मी बांधला नाय."

"मग राहू दे तिथं. माझा नवस फिटला नाय. माझ्या हातनं कुठं जिंकलात तुम्ही?"

हिरामण खाली बघू लागला. गुणाजीनं खांद्यावरची शील्ड उतरवली. मुसाभाई मागं उभे होते. मिरवणूक आता परतणार आणि तो नारळ मरेस्तोवर आमच्या डोक्यावर लोंबकळत राहणार, असं मला दिसलं. बाप्यांमध्ये मी कधी बोलले नव्हते.

म्हटलं, "बांधताना मी शेजारी होते. 'पोरांना एकदा शील्ड दे' एवढंच म्हणालात. माझ्या हातनं दे, असं मारुतीला सांगितलेलं मी नाय ऐकलं."

हे माझ्याकडं बघत राहिले.  मग फडक्याला हात पुसले.

देवळात शिडी लावली. खालून हिरामणनं धरली. यांनी गाठ सोडली, नारळ कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. पाण्याचा आवाज नव्हता. खाली येऊन यांनी तो दगडावर आपटला.

आत गोटा निघाला, सुकून लहान झालेला, पिवळट, पण अख्खा. यांनी चाकूनं त्याचे तुकडे केले आणि पहिला हिरामणच्या हातावर ठेवला. मग गुणाजी, मग बाकीचे, मुसाभाई, शेवटी मी.

खोबरं पार खवट होतं. जिभेला चटका बसावा इतकं. तेवढी पोरं तिथं होती, गल्लीत एकमेकांची खोडी काढल्याशिवाय न राहणारी. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. सगळ्यांनी सावकाश चावून खाल्लं. हिरामणनं हात चाटला.

पुढं मंडळानं आणखी शील्डा आणल्या. गुणाजीला कबड्डीवर मुंबईत नोकरी लागली. त्याची दोन बोटं मात्र सरळ झाली नाहीत. मुसाभाईंचा मुलगा कुवेतला गेला आणि दुकान बंद झालं. मुसाभाई गेले तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. हिरामण आता स्वतः म्हातारा झालाय. गेल्या वर्षी पोरांनी त्याला मंडळातून मोकळं केलं, त्या संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन बसला. मी चहा केला. आम्ही कबड्डीचं काही बोललो नाही.

हे मैदानात परत गेले नाहीत. त्या नारळाची अर्धी करवंटी मात्र घरी आणली, घासून गुळगुळीत केली आणि हात थरथरू लागेपर्यंत डोळ्यांचा काळा रंग तिच्यातच कालवला. ती माझ्या खिडकीत आहे. तळाशी रंग वाळून बसलाय. मी तो खरवडत नाही.