मंद निघालेला लॉट

भरणी विभागात जिचं मशीन सगळ्यात नेटकं चालतं असं सगळे म्हणायचे, तिचेच लॉट लागोपाठ दोनदा नापास झाले. मग काय, म्हणणाऱ्यांनी म्हणणं बदललं. कालपर्यंत "हिचा हात म्हणजे काटा" म्हणणारे आज "लक्ष नसतं हल्ली" म्हणू लागले. माणसांना मत बदलायला वेळ लागतो असं कोण म्हणतं?

काम पिस्तुलाच्या काडतुसांचं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी, आत चिमूटभर दारू आणि तोंडाशी गोळी. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू मोजून सोडणारं मशीन विभागात एकच, आणि ते तिच्या हाताखाली होतं. बाकीची मशीनं बंदुकीच्या काडतुसांची, आणि बंदूक चाचणीत ठोकळ्यावर टेकवून झाडत. प्रत्येक लॉटमधली थोडी काडतुसं चाचणीसाठी रेंजवर, गोळ्या झाडून बघायच्या जागी, जायची. तिथे स्टँडवर दोन डोळ्यांचं एक यंत्र होतं, क्रोनोग्राफ. पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड आहे? सगळे त्याला ‘क्रोनो’ म्हणत. गोळी पहिल्या डोळ्यावरून गेली की आतलं घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद, आणि बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर गोळीचा वेग हजर. तिच्या गोळ्या मंद निघत होत्या. फार नाही, पण पडद्यावरच्या पास-नापासच्या लाल रेघेच्या खालीच.

आणि त्या गोळ्या झाडून लॉट नापास करणारा माणूस कोण, तर तिचे सख्खे सासरे.

म्हातारा सरळ. रेंजवर उभी हयात गेली, पण कुणाची भीडभाड ठेवली नाही. सुनेचा लॉट नापास करताना त्यांनी सही केली ती नेहमीसारखीच, ठसठशीत. त्या दिवशी दोघं एकाच बसने घरी आले, शेजारी बसून आले, आणि वाटेत फक्त भाजी कुठली घ्यायची यावर बोलले. कारण त्या घराचा एक कायदा होता. कारखान्याची गोष्ट घराच्या दाराच्या आत आणायची नाही आणि घरची गोष्ट कारखान्याच्या फाटकाच्या आत न्यायची नाही. कायदा सासूबाईंचा. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून दारू, गोळी, वेग ऐकून त्यांचे कान किटले होते, आणि घरात दुसरं माणूसही त्याच कारखान्यात जायला लागल्यावर त्यांनी तो आणखी कडक केला. कायदा मोडणाऱ्याला त्या जेवताना वाढायच्याच नाहीत. त्यामुळे सगळे पाळायचे.

पहिला लॉट पडला तेव्हा दोष क्रोनोला दिला गेला. बॅटरी बदलली, डोळ्यांवरची धूळ पुसली, वरचे दिवे लुकलुकतात का पाहिलं, दोन डोळ्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं. यंत्र ठणठणीत होतं. दुसरा लॉट पडल्यावर मात्र सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

सुपरवायझरला त्याच्या पाठीमागे सगळे ‘आत्ताच साहेब’ म्हणत, कारण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच लागायची. तो तिच्या मशीनशी येऊन उभा राहिला.

"उद्या तिसरा लॉट चाचणीला जातोय. तोही मंद निघाला तर सरळ दारू वाढवायची. आणि तू पॅकिंगला. मशीन दुसऱ्याला देतो."

"साहेब, दारू बरोबर आहे. मी रोज तोलून बघते."

"तोलून बरोबर आहे, मग गोळी काय आळशी आहे?"

आजूबाजूचे हसले. तिला हसू आलं नाही. मशीन गेलं तर वाईट वाटणारच होतं, जीव होता तिचा त्यावर. पण भीती वेगळीच होती. दारू बरोबर असेल, आणि ती बरोबरच होती, तर तीत भर घालायची म्हणजे कुणाच्या तरी हातात पिस्तूल फुटायची सोय करायची. तो कोण, कुठला, तिला कधी कळणारही नव्हतं. आणि तेव्हा मशीनवर दुसरंच कुणी असेल, म्हणून तिची झोप काही शाबूत राहणार नव्हती.

संध्याकाळी घरी ती कणीक मळत होती. सासऱ्यांना वरच्या फळीवरचा डबा हवा होता. उंच माणूस, एरवी हात वर केला की डबा खाली. त्यांनी हात खालून वर न्यायला सुरुवात केली, तो खांद्याशी येऊन अडला, आणि ते गुपचूप स्टूल ओढायला लागले.

"तरी सांगत होते, नीट शेकून घ्या खांदा," सासूबाई म्हणाल्या. "थंडी सुरू झाल्यापासून हात वर जात नाहीये. पण ऐकतील तर शपथ."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं, रोज तेलाची वाटी तीच तर गरम करून द्यायची. पण खांदा घरचा होता आणि मंद गोळ्या कारखान्याच्या. दोन्हींची गाठ कुणी घालूनच दिली नव्हती. आज ती कणकेत हात तसेच ठेवून स्टुलावर चढणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

कारखान्यात नवीन असताना तिने त्यांना गोळी झाडताना पाहिलं होतं. पिस्तूल धरलेला हात आधी सरळ छताकडे न्यायचे आणि मग सावकाश खाली, नेमावर आणायचे. सगळे चेष्टा करायचे की काका छताची परवानगी घेतल्याशिवाय गोळी झाडत नाहीत. आता हात छताकडे जात नसणार. आता तो खालून वर येत असणार, नळी जमिनीकडे करून. आणि पुंगळी काही दारूने गच्च भरलेली नसते. अर्धी रिकामीच असते, कानाशी हलवली की आतली दारू सळसळते. नळी वर केली की दारू मागे, टोपीला चिकटून बसते आणि फाडकन पेटते. नळी खाली केली की ती पुढे गोळीकडे घसरते, पेट धरायला रेंगाळते, आणि गोळी मंद निघते.

"आई," ती म्हणाली, "कारखान्यातलं एक बोलू?"

"उपाशी झोपायचंय का?"

ती पुन्हा कणीक मळू लागली. खरं तर भुकेला ती घाबरली नव्हती. सासूसमोर, घरच्या दिव्याखाली, त्या माणसाला "तुमचा हात चुकतोय" म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

सकाळी ती मशीन सुरू करण्याआधी रेंजवर गेली. सासरे एकटेच क्रोनोच्या स्टँडचे स्क्रू आवळत होते.

"बाबा, खांदा कसा आहे?"

"घरचं इथे नको," ते मान वर न करता म्हणाले.

"इथलंच आहे ते." मग तिने सगळं सांगितलं. छत, नळी, दारू. सांगताना आवाज चिरका झाला, मध्येच एकदा उगाचच "चुकलं असेल माझं" म्हणूनही झालं.

ते स्टुलावर बसले.

"आमच्या उस्तादाने शिकवलं होतं, हात वरूनच आणायचा," ते म्हणाले. "का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, ऐट आहे त्याची."

"हात सरळ नाही गेला तरी चालेल की. कोपर दुमडायचं, नळी वर करायची, मग खाली आणायची. कुणाला कळणारही नाही, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू हे मला वाचवायला सांगतेस का स्वतःला?"

"दोघांना," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

तिसऱ्या लॉटच्या चाचणीला बाहेरच्या खोलीत आत्ताच साहेब, भरणीतले दोघं-तिघं आणि ती, एवढे पडद्यासमोर उभे होते. आतून पहिला बार झाला. आकडा रेघेच्या वर. दुसरा, तोही वर. तिने श्वास सोडला. एकामागून एक आकडे येत गेले आणि एकही खाली उतरला नाही. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली.

"बघा," आत्ताच साहेब खुशीत म्हणाला. "जरा कान पिळले की हात सुधारतो. आधीच लक्ष दिलं असतंस तर ते दोन लॉट भंगारात गेले नसते ना?"

मशीन राहिलं, दारू वाढणार नव्हती, म्हाताऱ्याची लाज झाकली गेली होती. एवढ्यावर दोन बोलणी खाल्ली तर काय बिघडलं? असं तिने मनाला समजावलं, पण मनाला ते पटलं नाही. डोळे भरून आलेच.

आतलं दार उघडून सासरे बाहेर आले होते. त्यांनी ते ऐकलं होतं.

"साहेब, ते दोन लॉट परत मागवा," ते म्हणाले. "चांगले आहेत ते. माझ्या हाताने मंद झाले."

"म्हणजे?"

"खांदा गेलाय माझा. थंडीपासून. पिस्तूल वरून आणायचं सोडून मी खालून उचलत होतो. आज हिने सांगितलं तेव्हा कोपर दुमडून झाडल्या, म्हणून पास. पोरीच्या कामात खोट नव्हती."

आत्ताच साहेबाला पहिल्यांदाच कशाची घाई नव्हती.

"काका, एवढ्या दिवसांत कुणाला दिसलं कसं नाही? हात जातो तरी कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

सासऱ्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. त्यांनी ओठ आवळून तो आणखी वर रेटला, तशी बोटं थरथरायला लागली. ते हात खाली घेईनात. भरणीतल्यांनी पाहिलं, दारातून डोकावणाऱ्या पॅकिंगच्या बायकांनी पाहिलं. आत्ताच साहेब कागद घेऊन फेरचाचणीचा हुकूम लिहायला लागला.

तिला ते बघवेना. ती पुढे झाली आणि खालून त्यांच्या कोपराला हात लावला.

"ठेवा ना खाली, बाबा. दिसलं सगळ्यांना."

"थांब गं," ते म्हणाले. "त्यांचं लिहून होऊ दे."