सपाट माप

बायको गेल्यानंतर बार्तोश पहिल्यांदाच एकटा राय हे धान्य घेऊन विस्तुला नदीने डान्झिगच्या बंदराला आला होता. इतकी वर्षं सौदा तीच, दोरोताच करायची, तो नुसता तराफा हाकायचा. वाटेत पावसाने धान्य भिजलं. ते काठावर पसरून वाळवलं, तर पुन्हा आभाळ भरून आलं. आज विकलं नाही तर मोड येणार, आणि वर्षाची मेहनत पाण्यात.

"तोंड शिवून बसलास तर गलबतं निघून जातील," बंदरात दरवर्षी त्यांचं धान्य उलथणारी हेडविग म्हणाली. "दोरोताने एव्हाना चौघांशी भांडण काढलं असतं."

"म्हणून तर तिलाच पुढे करायचो."

शेवटी हेडविगनेच हॉलंडच्या एका गलबताच्या तांडेलाला हाक मारली. योरिस त्याचं नाव. त्याने चार दाणे दाताखाली फोडले. कट् आवाज आला, दाणा वाळला होता. त्याने होकारार्थी मान हलवली आणि मापं मागवली.

बार्तोश फावड्याने माप भरू लागला. गावी जमीनदाराचा कारभारी काठावर ढीग चढवून, शीग लावूनच माप घ्यायचा, शीग बसकी दिसली की शिव्या. हाताला तीच सवय. त्याने निगुतीने टोकदार शीग रचली. योरिसने काठी घेतली आणि मापावरून सरळ फिरवली. शीग खाली ताडपत्रीवर सांडली.

बार्तोशने त्याचं मनगट धरलं. "ओलं वाटत असेल तर तसं सांग. माझं धान्य फेकायचं नाही."

हेडविग हसत सुटली. "सोड त्याला, येड्या. इथे माप सपाट. वरचं तुझं तुला परत देतोय तो."

"दोरोता कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

बार्तोशने हात सोडला. मनगट चोळत योरिस त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. हेडविगने ते बार्तोशला सांगितलं.

"म्हणतोय, त्याच्या आजाकडूनही जमीनदार शीग लावूनच घ्यायचा. आजा शेवटपर्यंत घरच्या मापालाही शीग लावायचा म्हणे."

बार्तोशला हसू आलं. कित्येक महिन्यांनी.

"जाते कुठे ही राय?"

"इटलीला. तिकडे पीक बुडालंय."

"ते गहू खाणारे लोक. राय खातील?"

हेडविगने योरिसला विचारलं. योरिसने खांदे उडवले. "म्हणतोय, पहिल्या दिवशी नाकं मुरडतात. दुसऱ्या दिवशी रांग लावतात."

पुढचं माप बार्तोशने स्वतः सपाट केलं. पाऊस यायच्या आत सगळी राय गलबतात चढली. योरिस फळीवरून वर निघाला, तसा बार्तोश मागे गेला आणि त्याने हेडविगला मध्ये न घेता, आपल्याच भाषेत विचारलं, "पुढच्या साली याल ना?"

योरिसला शब्द कळले नसावेत. पण त्याने वळून हात पुढे केला, आणि बार्तोशने तो घट्ट धरला.